पार्सलपंत

पार्सलपंतांचा जन्म २५ मार्च २०२० नंतर कधीतरी झाला. त्या वेळी त्यांचं वय साठीच्या पुढे होतं, पण ते सोडा. त्याआधी ते पुण्याच्या पेठेतले साधे निवृत्त बँकवाले होते. हॉटेलात जायचं नुसतं नाव काढलं तरी ‘घरात काय कमी आहे?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला. मग टाळेबंदी आली. हॉटेलांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या, दारात दोरी बांधून ‘फक्त पार्सल मिळेल’ अशी पाटी लागली आणि पंतांना एकदम साऱ्या शहराची भूक लागली. मनाई झाल्याशिवाय पुणेकराला गोडी कळत नाही, हे माझं जुनं मत आहे.

असे पंत त्या काळात जवळपास प्रत्येक सोसायटीत एक तरी निपजले. ओळखायची खूण सोपी. नाकावर मास्क, मास्कवर वाफाळलेला चष्मा आणि स्कूटरच्या डिकीत घरचा स्टीलचा डबा, कारण ‘प्लास्टिकच्या डब्याचे दहा रुपये वेगळे कशाला?’ शिवाय खिशात डॉक्टरांची एक चिठ्ठी. नाकाबंदीवर ती दाखवायची आणि औषधाच्या दुकानावरून पुढे बेडेकरांकडे मिसळ आणायला नारायण पेठेत शिरायचं. कँपातली ईस्ट स्ट्रीट चाळीस वर्षं ‘लांब’ होती. संचारबंदीत ती जवळ आली आणि कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घरात किराणासारखी भरली गेली.

पंतांनी या काळात एक शास्त्र उभं केलं. त्यांच्या मते प्रत्येक पदार्थाला पल्ला असतो. डोशाचा पल्ला सगळ्यांत कमी. डोसा कुठलाही घ्या, कितीही कुरकुरीत असो, फॉइलमध्ये गुंडाळला की फर्ग्युसन रस्ता संपायच्या आत स्वतःच्याच वाफेने लोळागोळा होतो. इडली कोथरूडपर्यंत शाबूत जाते. ‘गुडलक’चा बन-मस्का डेक्कन ओलांडेपर्यंत खावा, मग मस्का बनात मुरतो. मिसळ मात्र साताऱ्याला न्या! फरसाण वेगळं, तर्री वेगळी, कांदा-लिंबू वेगळं. मस्तानीचा पल्ला शून्य. ती सदाशिव पेठेतच, मास्क हनुवटीवर उतरवून, भिंतीकडे तोंड करून संपवायची. हे शास्त्र खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. मी डोशावर पडताळून पाहिलंय.

काउंटरवरचा त्यांचा संवाद ऐकण्यासारखा.

‘‘झाकणाला दोन भोकं पाड रे.’’

‘‘काका, सांडेल.’’

‘‘वाफेचं पाणी होऊन वडे भिजतात, ते चालतं का तुला?’’

मागे खडूच्या वर्तुळांत उभी असलेली रांग पाय बदलत राहायची. पंतांना फिकीर नव्हती. त्यांना महिनोन्महिन्यांत घरच्यांखेरीज भांडायला माणूस मिळालेला असायचा. गल्ल्यावरच्या मालकालाही तो हवा असावा. पोरं गावाकडे निघून गेलेली, भटारखान्यात दोघंच उरलेले आणि मालक स्वतः सांबाराच्या पिशव्या बांधत बसलेला. ‘गावाकडे गेलेले अण्णा आले का परत?’ हे पंत प्रत्येक खेपेला विचारायचे. मला वाटतं, तेवढ्यासाठी त्यांची बाकीची कटकट माफ आहे.

खाणं घरी नेऊन खायचं, असा नियम. पण पल्ल्याचं शास्त्र आणि सरकारचा नियम यांचं जमेना. म्हणून पंत कोपऱ्यावर स्कूटर डबल स्टँडला लावून सीटवर डबा उघडायचे. एकदा हवालदारानं काठी आपटली. ‘‘काका, इथं खायचं नाही.’’

‘‘खात नाहीये, तपासतोय,’’ पंत म्हणाले आणि वड्याचा दुसरा घास तपासला.

घरी वेगळंच नाट्य. सांबाराच्या पिशवीची गाठ नखानं सुटत नाही आणि दातानं सोडावी तर वरून पंतांनीच सॅनिटायझर फवारलेलं. शेवटी कात्री. एक चिळकांडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, उरलेलं वाटीत. काकू शांतपणे म्हणायच्या, ‘‘सकाळी मी उपमा केला होता.’’

५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली, तेव्हा पंतांचा चेहरा पडला. आत बसून कोणीही खाईल, त्यात पुरुषार्थ काय? एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा ‘फक्त पार्सल’ झालं आणि पुण्यात तर संध्याकाळी सहालाच संचारबंदी. पंतांनी दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं. पुढे पावसाळ्यात सरकारनं चारला हॉटेलात बसणं बंद केलं, त्याचा मात्र त्यांना खरा राग आला. ज्या गावात दुकानदार दुपारी झोपून चारला दार उघडायचे, तिथे चारला दार लावायचं? मुंबईत बसून पुण्याचे नियम केले की असं होतं, असं त्यांनी तीन गल्ल्यांवर ऐकवलं.

आता दोरी गेली, वर्तुळं पुसली. आत टेबल रिकामं असलं तरी पंत काउंटरवरच उभे राहतात, डबा पुढे करतात आणि भोकांचा विषय काढतात. मुलगा-सून आग्रहानं आत बसवतात, तेव्हा ते अर्धं खाऊन उरलेलं बांधून मागतात.

तुमच्या नेहमीच्या हॉटेलातही ते येत असणार. स्टीलचा डबा हातात असलेले काका पुढे दिसले, तर त्यांच्या मागे उभे राहू नका. झाकण उघडून, वास घेऊन, चटणी मोजल्याशिवाय ते बाजूला होत नाहीत.