पोराला पुण्यालाच घाला

“पोराला पुण्यालाच घाला,” हा सल्ला द्यायला गावात कुठलीही पात्रता लागत नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गात नऊ पोरं. दोन दिवस दांडी मारली की सर दूध डेअरीवर बापाला गाठतात, “आजारी आहे का हो?” असल्या ठिकाणी माणूस शिकणार कसा! पुण्यात विद्यापीठाचं आवारच चारशे एकरांच्या वर. आमच्या अख्ख्या भावकीची जमीन त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. शिवाय तिथली दांडी बापाला कळायला दिवाळीची सुट्टी उजाडावी लागते. याला मोकळं वातावरण म्हणतात. राहायची सोय कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं खोलीचं नाही, खाटेचं. उशाला ट्रंक, पायथ्याशी दुसऱ्याची बादली. डबा वेगळा, अभ्यासिकेची फी वेगळी. बापानं त्यासाठी एक म्हैस विकली, तर ती गुंतवणूक.

बाकी तालुक्याचं कॉलेज त्याच विद्यापीठाला संलग्न आहे. दोन वर्षांनी खाटेवरच्या आणि डेअरीवरच्या, दोघांच्याही पदवीवर नाव एकच छापून येतं: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.