कंबोडियाची वाट दाखवणाऱ्या दलालास खुले पत्र

दलाला,

या पत्रावर तुझे नाव नाही. तुझ्या धंद्यातले जे पकडले गेले त्यांचा निवाडा न्यायालय करील. मला बोलायचे आहे ते अजून मोकळा फिरणाऱ्या तुझ्याशी. धानाचे चुकारे हाती पडायच्या आधीच ज्याचे पैसे सावकाराच्या वहीत वळते झालेले असतात, असा माणूस तू नेमका हेरतोस आणि त्याला प्रवासाचा सल्ला देतोस. सल्ला बारकाईचा असतो. पासपोर्टसाठी कोणते कागद लागतील, तपासण्यांसाठी कोणत्या शहरात उतरायचे, विमानतळावर साहेबाने विचारले तर ‘फिरायला चाललो’ एवढेच म्हणायचे. परत आल्यावर धानाच्या बांधीत वाकायचे कसे, एवढे मात्र तू कोणाला सांगितलेले नाहीस.

डिसेंबर २०२५ मध्ये नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपला हिशेब जगासमोर मांडला. दुधाच्या धंद्यासाठी गाई घेतल्या, त्या दगावल्या. सावकारांकडून घेतलेले १ लाख रुपये व्याजावर व्याज चढत ७४ लाखांवर गेले. जमीन विकली, ट्रॅक्टर विकला, घरातले विकण्यासारखे होते ते विकले. शेवटी किडनी विकली, कंबोडियात जाऊन, ८ लाखांना. ब्रह्मपुरीला गुन्हा दाखल झाला, सावकारांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि तपासाचे धागे दुसऱ्या राज्यांतल्या दलालांपर्यंत पोहोचले.

हे आकडे पुन्हा वाच. ७४ लाखांच्या तगाद्यात ८ लाख. शरीराचा एक अवयव गेला आणि कर्ज जागेवरच राहिले. ‘एकदा जाऊन ये, मोकळा होशील,’ हे तुझे आवडते वाक्य. कोण मोकळा झाला, सांग.

तू म्हणशील, कर्ज मी दिले नव्हते. खरे आहे. पण सावकाराने माणसाला भिंतीला टेकवल्याशिवाय तुला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि भिंतीला टेकलेल्या माणसाकडून वसुली करण्याचा शेवटचा मार्ग तू काढून दिल्याशिवाय सावकाराची वसुली होत नाही. म्हणून आधी कर्जाचा कायदा ऐक. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के, याहून जास्त व्याज परवानाधारक सावकारालाही घेता येत नाही. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे १ लाखाच्या कर्जापोटी, कितीही वर्षे लोटली तरी, २ लाखांच्या पुढे एक पैसाही कायद्याने मागता येत नाही. उरलेल्या ७२ लाखांना कर्ज म्हणायचेच कशाला? ती खंडणी आहे. परवाना नसताना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद आहे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत करण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतो. ज्याला तू कंबोडियाची वाट दाखवलीस, त्याला चंद्रपूरच्या उपनिबंधक कार्यालयाची वाट दाखवली असतीस तर बसच्या तिकिटात काम झाले असते. तिथे तुला दलाली मिळाली नसती.

हे मी तुला सुनावतो आहे, पण सहकार खात्यानेही ऐकावे. कायदा होऊन ११ वर्षे उलटली होती आणि एका तालुक्यात १ लाखाचे ७४ लाख होईपर्यंत सावकाराच्या वहीवर कोणाची नजर गेली नाही. पीककर्ज वेळेत फेडले तर ३ लाखांपर्यंत व्याज लागत नाही, अशी योजना याच राज्यात आहे. ती बँकेच्या दारापर्यंत येते. गाय मेली, घरात आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, यासाठी रात्री नऊ वाजता पैसे देणारा मात्र सावकारच असतो. तुझी भरभराट या फटीत आहे, आणि ती बुजवणे सरकारचे काम आहे.

आता तुझ्या ठेवणीतल्या युक्तिवादाकडे येतो. ‘तो आपल्या पायांनी गेला, त्याने सही केली, त्याची मर्जी होती.’ भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ उघड. पैशाचे आमिष दाखवून शोषणासाठी माणसाला नेणे ही मानवी तस्करी आहे. अवयव जबरीने काढून घेणे त्या शोषणातच मोजलेले आहे. आणि पीडिताने संमती दिली होती की नाही, हे कायदा बघतच नाही. शिक्षा किमान ७ वर्षे सक्तमजुरी, आणि एकाहून अधिक माणसे नेली असतील तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिवाय १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. अवयवाच्या खरेदी-विक्रीला त्यात ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. हा कायदा विकणाऱ्यालाही लागू होतो, हे तुला पक्के ठाऊक आहे. परतलेल्या माणसाला गप्प ठेवायला तू तेच हत्यार वापरतोस: ‘बोललास तर तूच आत जाशील.’ म्हणून मी इथे स्पष्ट लिहितो. सावकाराच्या धाकाने आणि तुझ्या फसवणुकीने ज्याचा अवयव गेला, तो आधी पीडित आहे. त्याने वकील करावा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागावा, आणि बोलावे. पोलिसांनीही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई करू नये. तसे झाले तर पुढचा माणूस तोंड उघडणार नाही आणि तू निर्धास्त होशील.

शरीराबद्दल तू काय सांगतोस? ‘देवाने दोन दिल्या आहेत, एकीवर चालते.’ चालते, पण कोणाचे? ज्याची आधी नीट तपासणी झाली, ज्याला शस्त्रक्रियेनंतर आठवडे विश्रांती मिळाली, जो दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासून घेतो, अंगदुखीच्या गोळ्या मनाने खात नाही, त्याचे चालते. ब्रह्मपुरीचा उन्हाळा तू पाहिला आहेस. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत हे नाव पुन्हा पुन्हा येते. त्या उन्हात तेंदूपत्ता तोडायचा, मोहफुले वेचून झाली की रोजगार हमीच्या कामावर माती उचलायची, मृगात चिखलणी, मग रोवणी, दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून. काही घरे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि महिनोन्‌महिने शेतातच पाल ठोकून राहतात. घाम गाळून पाणी कमी पिणारे आणि कंबर दुखली की दुकानातून गोळी आणणारे हे लोक. उरलेली एक किडनी त्यांनी जपायची कशी, याची एक ओळ तरी कधी कुणाला लिहून दिलीस का?

आणि हा धंदा तू शोधलेला नाहीस. जुलै २०२३ मध्ये इंडोनेशियाच्या पोलिसांनी १२ जणांना पकडले. १२२ माणसांना त्यांनी किडनीसाठी कंबोडियात नेले होते. पकडलेल्यांत एक पोलीस होता आणि एक इमिग्रेशन अधिकारीही होता. बळी पडलेल्यांत करोनाच्या काळात काम गमावलेले बरेच होते. जावाच्या कारखान्यातला कामगार आणि नागभीडचा धानउत्पादक एकाच देशाच्या वाटेला लावले जातात, कारण दोघांच्याही गावात तुझ्यासारखा एकेक जण बसलेला आहे.

तुझा दुसरा माल तरुण पोरांसाठी असतो. पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला गडचिरोलीचा मुलगा, संगणकाचा अभ्यासक्रम करून चंद्रपुरात काम शोधणारा. त्याला तू ‘डेटा एंट्री’ सांगतोस, बँकॉक सांगतोस, डॉलरमध्ये पगार सांगतोस. बँकॉकहून गाडी माए सोतला जाते, तिथून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत. किंवा कंबोडियात सिहानुकव्हिलला, किंवा लाओसच्या ‘गोल्डन ट्रँगल’मध्ये. पासपोर्ट काढून घेतला जातो, फाटकाला कुलूप लागते आणि पोराला फोनवर आपल्याच देशातल्या म्हाताऱ्यांना ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुटायला बसवले जाते. नकार दिला तर मार, सुटायचे म्हटले तर घरच्यांकडे खंडणी. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ पासून याबद्दल इशारे दिले आहेत. मार्च २०२४ पर्यंत कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांची सुटका झाली होती. १० आणि ११ मार्च २०२५ या दोन दिवसांत म्यानमारमधून सुटलेल्या ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. या प्रत्येकाच्या मागे कुठल्या ना कुठल्या गावातला एक दलाल आहे.

तेव्हा प्रवासाचा सल्ला आता मी देतो, आणि तुझ्या तोंडावर देतो, म्हणजे पुढच्या वेळी समोरचा तुला हेच विचारील.

परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. जाणाऱ्याने नोंदणी क्रमांक मागावा आणि तो ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर स्वतः तपासावा. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जायला त्याला सरकारी परवानगी लागते. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया त्या यादीत आहेत. कंबोडिया, लाओस, म्यानमार नाहीत. तुझी गाडी त्याच देशांकडे का वळते, ते यावरून कळते. कंबोडियात पर्यटनाचा व्हिसा ‘टी’ प्रकारचा, ३० दिवसांचा असतो. त्यावर नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी जो ‘टी’ व्हिसा हातात ठेवतो तो पहिल्याच पायरीला खोटे बोलतो. आणि जो माणूस ‘विमानतळावर खरे सांगू नको’ म्हणतो, त्याच्यासोबत गावाच्या बसस्टँडपर्यंतही जाऊ नये.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रती घरी ठेवाव्यात. तिथल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाईल सगळ्यात आधी हिसकावला जातो. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे, निघण्याआधी त्यावर विचारावे. पासपोर्ट कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या हातात देऊ नये. रस्त्याने सीमा ओलांडायला कोणी सांगितले तर तिथेच थांबावे. थायलंड-कंबोडिया सीमेवर २०२५ च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात लढाई झाली, ‘शॉर्टकट’ म्हणून पोराला तिकडे लोटणाऱ्याला त्याच्या जिवाची किंमत नाही.

कंबोडियाबद्दल मला राग नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलेले अंकोरवाट तिथे उभे आहे. वैनगंगेकाठचे मार्कंडा ज्याने पाहिले आहे, त्याला अंकोरची शिल्पे परकी वाटायची नाहीत. पैसे साठवून, खरा व्हिसा काढून, कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा घेऊन (फाटकी नोट तिथे घेत नाहीत) आमच्या भागातल्या माणसाने तिथे जरूर जावे, मंदिर पाहावे, आणि गेला तसा धडधाकट घरी यावे. तिथल्या लोकांनी १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीच्या हातून आपली लाखो माणसे गमावली. त्यांच्या देशाचे नाव धानपट्ट्यात किडनीशी जोडले गेले, ही तुझी करणी.

आता एकच काम तुझ्याकडे मागतो. तुझ्या कपाटात लोकांचे पासपोर्ट आहेत, आगाऊ पैशांच्या बदल्यात ठेवून घेतलेले. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तो तुझ्याकडे गहाण राहू शकत नाही. ते सगळे घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, मोजून जमा कर आणि कोणाचा कुठून आला ते लिहून दे. ज्यांचे पासपोर्ट तुझ्याकडे आहेत ते हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी तुझी वाट पाहू नये. आजच तक्रार द्यावी.

नागभीड-ब्रह्मपुरी भागातला एक रहिवासी