रेड अलर्टच्या दिवशी भिजायला कुठे जावे?

गुलमर्गला रात्रभर ताजा बर्फ पडला की सकाळी तिथल्या स्कीवाल्यांना एकच चिंता असते: आज कोणता उतार? गोंडोलाने अफरवटच्या अंगावर चढायचं की खालच्या झाडीत घसरायचं, वारा कुठून आहे, हिमकडा कोसळण्याचा इशारा आहे का आणि आपल्या आधी तिथे कोण पोचलेलं असेल. पालघर जिल्ह्यात बर्फ पडतो तो फक्त सातपाटीच्या पापलेटवर, तोही फावड्याने. पण चिंता तीच. आमच्याकडे ती जूनमध्ये सुरू होते आणि ताज्या बर्फाच्या जागी हवामान खात्याचा लाल इशारा असतो. अशा दिवशी भिजायला कुठे जावं, याचं शास्त्रोक्त मार्गदर्शन पालघर-बोईसरच्या होतकरूंना आजवर कोणी केलेलं नाही. शाळेत नाही, ग्रामपंचायतीत नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी दिवस ओळखायला शिकावं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर पडला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ ला अतिमुसळधार, आणि २०४.५ ओलांडले की त्याच्याही वरचं विशेषण काढतं. घरगुती मापं वेगळी आहेत. पत्र्याच्या आवाजात टीव्ही ऐकू येईनासा झाला की मुसळधार. आईने दांडीवरचे कपडे काढा म्हणणं सोडून दिलं की अतिमुसळधार. वीज जाऊन तीन तास झाले आणि ती कधी येणार हे कोणी विचारतसुद्धा नाही, तो रेड. जिल्हाधिकाऱ्यांचा शाळांच्या सुट्टीचा आदेश आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येतो. त्यावरची तारीख आणि वर्ष, दोन्ही वाचावं. गेल्या वर्षीचा आदेश यंदा फिरवणारा एक समाजसेवक प्रत्येक सोसायटीत असतोच.

सुट्टी शाळेला असते, कंपनीला नसते, हे बोईसरकराला सांगायला नको. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे. त्याने पावसाची सुट्टी दिल्याचं कोणी ऐकलेलं नाही. एमआयडीसीतल्या सेकंड शिफ्टवाल्याने तीनच्या आत गेटवर कोरडं उभं राहता येईल एवढ्याच अंतराचा विचार करावा. नाइट करून आलेल्याने झोप आणि धबधबा यांतलं एक काय ते निवडावं. दोन्ही करू पाहणारे दुपारी मस्तान नाक्यावर चहाच्या टपरीला टेकून उभ्या उभ्या झोपलेले दिसतात.

आता ठिकाण. हा निर्णय ग्रुपवर घेतात आणि तो रात्री साडेनऊला सुरू होतो.

‘उद्या डाभोसा?’
‘लांब पडतं रे. केळवे.’
‘केळव्याला दर रविवारी काय जायचं?’
‘वहिनी येणार असतील तर वाघोबा. बाकी कुठे बसायची सोय नाही.’
‘मी येणार नाहीये, भाऊजी. तुमच्या भावाला आधी विचारा, त्याला घरी सोडतंय कोण.’
‘आशेरी???’
अंगठा. अंगठा. हात जोडलेले. कोणाच्या तरी काकांचं गुड नाइट, गुलाबासह.

साडेअकरापर्यंत सात ठिकाणं सुचवली जातात आणि आठवं ठरतं. यात दोष कोणाचा नाही. मंडळी प्रश्नच उलटा घालतात. कुठला धबधबा मोठा, हे विचारतात. परत कुठून येता येईल, हे विचारत नाहीत. या जिल्ह्यात पावसाळ्यात पोचायला कुठेही पोचता येतं. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शनाचा एकमेव नियम असा की धबधबा शेवटी बघावा, परतीची वाट आधी. खालची ठिकाणं त्याच क्रमाने तपासली आहेत.

वाघोबा खिंड. पालघर-मनोर रस्त्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, परतीची वाट डांबरी. नियमानुसार पैकीच्या पैकी गुण. म्हणूनच तिथे सगळा पालघर असतो. खिंडीतल्या वाघोबाला हात जोडावेत. आदिवासी गावांनी बिबट्याशी शेजारधर्म पाळायचा करार त्याच्यामार्फतच केलेला आहे. माकडांनी मात्र कुठल्याही करारावर सही केलेली नाही. मक्याचं कणीस गाडीबाहेर खायचं असेल तर पद्धत अशी: कणीस घेतल्याबरोबर टपाकडे बघावं, रस्त्याकडे नाही. माकड टपावरून येतं. आधी ते तुमच्याकडे पाहतच नाही, दुसऱ्याच कुटुंबाकडे पाहत बसतं. तुम्ही मीठ-लिंबू चोळून घेईपर्यंत थांबतं, कारण बिनमिठाचं त्यालाही आवडत नसावं. मग एक हात येतो, अगदी सावकाश, आणि कणीस जातं. ओढाताण करू नये. दुसरं कणीस घेताना दोन घ्यावीत.

डाभोसा. जव्हारजवळ लेंडी नदीवरचा, साधारण तीनशे फुटांवरून पडणारा. जिल्ह्याची शान. बोईसरहून निघालात तर चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हार, अशी वाट. जव्हारला पोचेपर्यंत गाडीतल्या निम्म्यांना उलट्या आणि उरलेल्यांना भूक. जव्हार म्हणजे आमचं महाबळेश्वर, असं आम्ही सांगतो. महाबळेश्वरवाले काय सांगतात ते कळलेलं नाही. इथे नियमाचा खरा कस लागतो. धबधब्याच्या पायथ्याशी ऊन पडलेलं असू शकतं, मोर ओरडत असू शकतो, आणि तरीही पाणी वाढत असू शकतं. कारण तिथलं पाणी तिथल्या ढगातून येत नाही, वरच्या पठारावरच्या पावसातून येतं. त्यामुळे आभाळाकडे न बघता पाण्याकडे बघावं. स्वच्छ पाणी एकदम तांबडं झालं, काटक्या-पाचोळा येऊ लागला, आवाज घुमल्यासारखा भरला, की पुढचा फोटो राहू द्यावा आणि काठावरून वर चढावं. मागे नाही, वर. हे वाक्य या लेखात विनोदाने लिहिलेलं नाही. जव्हार तालुक्यातल्या डोहांनी या फरकापायी तरुण पोरं गिळलेली आहेत, आणि दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतो तो त्यांच्यामुळे. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आकडा बदलला तरी ‘साहेब, नुसतं बघून येतो’ हे उत्तर तेच आहे. आदेश असेल त्या दिवशी हे ठिकाण यादीतून बाद.

गडांकडे ओढा असणाऱ्यांसाठी आशेरी, काळदुर्ग आणि तांदुळवाडी अशी सोय आहे. आशेरीवर पोर्तुगीजांच्या राजचिन्हाचा कोरीव दगड आहे. त्याच्याआधी कातळाचा जो टप्पा लागतो तो भर पावसात चढायला अवघड आणि उतरायला त्याहून अवघड. वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने आमच्या या किनाऱ्यावर तारापूरचा किल्ला घेतला तो जानेवारी १७३९ मध्ये. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. सांगायचा मुद्दा, जानेवारीत. ज्यांच्याजवळ तोफा होत्या, शिड्या होत्या आणि पेशव्यांचा हुकूम होता, त्यांनीही कोरडा महिना धरला. तुमच्याजवळ बाटाच्या सँडल आहेत. तांदुळवाडीच्या माथ्यावरून वैतरणा आणि सूर्या दोन्ही दिसतात म्हणतात. रेड अलर्टच्या दिवशी पुढच्या माणसाची सॅक दिसली तरी पुष्कळ.

समुद्र हा विषय वेगळा आहे, कारण तिथे परतीची वाट जागेवर नसते, वेळेवर असते. केळवे, चिंचणी, शिरगाव, कुठेही जा, आधी भरती काढावी. मोबाइलवर मिळते. पण किनाऱ्यावर बसलेल्या माणसाकडून घेतलेली जास्त टिकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या, तांडेल मोकळा, जाळं मांडीवर आणि पर्यटक समोर. याहून चांगला वर्ग कुठे भरणार.

‘काका, पाणी कधी चढेल?’
‘आज तिथी कोणती?’
‘तिथी... रविवार आहे.’
‘रविवारला भरती नसते, पोरा. चतुर्थी आज. चाराचे पाऊण किती?’
‘तीन.’
‘मग तीनला भरपूर. आता वाजले किती?’
‘दोन.’
‘मग तिकडे खडकावर तुमचे ते दोघे कशाला बसलेत?’

तिथीच्या पाऊणपट, एवढंच गणित. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. घड्याळाला पंधरा-वीस मिनिटांची सूट द्यावी, दर्या काही पगारी नाही. आता यातली मेख बघा. पर्यटक सकाळी उठून, पोहे खाऊन, पेट्रोल भरून, एकाला घरून उचलून किनाऱ्यावर पोचतो तो अकरा-साडेअकराला. म्हणजे पुनवेला आणि अवसेला, जेव्हा उधाण सगळ्यांत मोठं असतं, नेमकं तेव्हाच तो पाण्यात पाय घालायला येतो. अष्टमीला भांगाची भरती, तीही लहान आणि सकाळ-संध्याकाळची. दुपारी पाणी बिचारं लांब गेलेलं असतं. पण अष्टमी क्वचितच रविवारी येते आणि आली तरी ग्रुपवर त्या दिवशी डाभोसा ठरलेला असतो. दोन्हीचा मेळ बसेना तर केळव्याच्या सुरूच्या बनात उभं राहावं. भिजणं तेवढंच होतं, आणि शीतलादेवीचं दर्शन वर.

बोईसरकरांना सर्वांत जवळचा किनारा नवापूरचा. त्याबद्दल थोडक्यात: एमआयडीसीचं सांडपाणी तिकडे जातं, आणि त्याविरुद्धची तक्रार मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलेली आहे. जोराच्या पावसात नाल्याचा रंग बदलला तर तो इंद्रधनुष्याचा भाग समजू नये. भिजायला जागा पाहिजे, रंगायला नको.

धरणप्रेमींनी धामणी-कवडासकडे निघण्याआधी एक लक्षात ठेवावं. सूर्येला पाणी सोडणार, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, असा निरोप निघाला की त्याचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. काठावरची माणसं गुरं सोडवतात. गावाबाहेरची माणसं गाडी काढतात. मासवणजवळ सूर्या रस्त्याच्या किती खाली आहे हे जाताना बघून ठेवावं म्हणजे येताना तुलना करता येते.

आगगाडीने फिरणाऱ्यांना वेगळी सूचना. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही सगळी स्टेशनं मुंबईच्या हाताशी आली. पण नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं की मुंबईचा माणूस इथेच राहतो. तो कोणाकडे राहतो, हे त्याच्या आडनावावरून ठरतं. त्या आडनावाचं घर पालघरात असेल तर त्या घराने आदल्या दिवशीच जास्तीचे तांदूळ भिजत घालावेत.

खाण्याचं विसरू नये, कारण निम्मी माणसं त्यासाठीच येतात आणि उरलेली निम्मी तसं कबूल करत नाहीत. कांदाभजी सगळीकडे मिळते, तिच्यासाठी जव्हार गाठायची गरज नाही. खरी खरेदी मनोर नाक्यावर आणि बोईसर स्टेशनबाहेर, प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन बसलेल्या बायांकडे. जूनच्या सुरुवातीला शेवळं, पुढे करटोली. शेवळाची जुडी घेताना ‘काकडं आहेत ना?’ एवढं विचारावं. न विचारता नुसती शेवळं घरी नेली तर भाजी घशात खाजते आणि सोबत आलेल्या सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. भाव करू नये. भर पावसात ज्या बाईने पहाटे रानात जाऊन ती काढली, तिच्याशी दहा रुपयांची घासाघीस करणाऱ्याला वाघोबाच्या माकडांकडे सोपवावं.

शेवटची गोष्ट गोपनीयतेची. हिमप्रदेशातले लोक आपला उतार मित्रालाही सांगत नाहीत, आणि आपण मात्र डोहाच्या काठावरून लोकेशनसकट व्हिडिओ टाकतो. पुढच्या रविवारी तिथे तीस गाड्या, एक डीजे आणि थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग. तेव्हा फोटो टाकायचाच तर घरी येऊन, डोकं पुसून, सोमवारी टाकावा. मागे पाटी, मंदिर, ओळखीचं झाड काही दिसत नाही ना, ते बघावं. बोरिवलीचा आतेभाऊ फोन करून विचारणारच, ‘कुठे गेलेलास रे?’ त्याला लोणावळा सांगावं. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसायची त्याला सवय आहे.