अडीच अंश

माझी प्रकृती नाजूक आहे, असं माझं जुनं मत आहे. डॉक्टरांना ते पटत नाही. पण डॉक्टर रक्त तपासतात, प्रतिभा नव्हे. उन्हाळ्यात मला लिहवत नाही, पावसाळ्यात सांधे कुरकुरतात, थंडीत नाक वाहतं. आजवर मी जे जे लिहिलं नाही, त्या सगळ्याला हातकणंगल्याची हवा जबाबदार आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे चहा पितात आणि मान डोलावतात.

म्हणून निवृत्त झाल्यावर बारा महिने सुखद हवेचं गाव शोधायला घेतलं. उदाहरण घरचंच होतं. म. द. हातकणंगलेकर आमच्या गावाचं नाव आडनावात घेऊन सांगलीला राहिले आणि २००८ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गाव सोडल्याचा एवढा ढळढळीत फायदा दिसत असूनही सांगली यादीतून खोडावी लागली, कारण तिथला मे महिना आमच्यापेक्षा चार पावलं पुढंच असतो. मुलगा बेंगळूरूला बोलावतो. तीन हजार फुटांवरचं गाव, हवा खरोखरच चांगली; पण ती गाडीच्या काचा वर करून, सिग्नलला बसून खावी लागते.

मग पन्हाळा. हजार फूट चढलं की पारा साधारण दोन अंश उतरतो. आमचा पट्टा अठराशे फुटांच्या आसपास, पन्हाळा एकतीसशेच्या. पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून मी बायकोपुढं ठेवलं.

"अडीच अंश?" ती म्हणाली. "अडीच अंशांसाठी बांधलेलं घर विकायचं? पंखा एकवरनं तीनवर करा की."

या वृत्तीमुळंच आपल्याला थंड हवेची ठिकाणं इंग्रजांना काढून द्यावी लागली. आता विषय निघालाच आहे तर सांगतो (बायको म्हणते, तो दर वेळी मीच काढतो). मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला महाबळेश्वर भावलं. १८२९ साली त्यानं सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ते घेतलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. नव्या वसाहतीला नाव काय, तर माल्कम पेठ! याला म्हणतात हवेची कदर. पण खरी मौज पुढं आहे. जून लागला की महाबळेश्वरावर असा पाऊस कोसळायचा की बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधाव्या लागत. तेव्हा साहेब खाली पुण्याला. तिथं पावसाळ्यासाठी पुढं गणेशखिंडीत वेगळा वाडाच झाला. आज तिथं विद्यापीठ आहे. थंडी आली की पुन्हा मुंबई. म्हणजे अख्ख्या मुंबई इलाख्यात बारमाही सुखद हवेचं एकही गाव गव्हर्नरसाहेबाला सापडलं नाही! त्यानं तीन घरं ठेवली आणि फायली, शिपाई, खानसामे यांच्यासकट वर्षभर फिरत राहिला.

हे सगळं एका पुस्तकात वाचल्यावर मी घर विकायचा बेत रद्द केला आणि घरातच तीन राजधान्या स्थापन केल्या. उन्हाळ्यात दिवसा उत्तरेची खोली आणि रात्री गच्ची. वळीव झाला की त्या गच्चीपुढं माल्कम पेठ झक मारते. पावसाळ्यात मधलं घर. गगनबावड्याला आडवातिडवा कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईतो दमलेला असतो, तेव्हा ताट्यांचा खर्च नाही. थंडीत सोपा, पूर्वेच्या खिडकीशी. कॉट हलवताना एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला शेजारचा पोरगा असतो. मी सूचना देतो.

थंडीतला मुक्काम तसा सर्वांत सुखाचा व्हायला हवा. पण नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम. ऊस गेलेल्या रानात पाचट पेटवतात आणि त्याची काळी राख दोरीवरच्या धोतरावर, उघड्या पुस्तकावर, चहाच्या कपात उतरते. पाचट कुजवलं तर जमिनीला खत होतं, हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. माझ्या चुलतभावाला तर फारच. तो काडी ओढता ओढता ते समजावून सांगतो. मागच्या हंगामात मी चिडून या राखेविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलो होतो. अंगात स्वेटर, कानाला मफलर. तेवढ्यात समोरच्या रानात कोपी घालून राहिलेल्या ऊसतोड टोळीतली एक बाई कळशी घेऊन नळावर आली. बीडकडची. पहाटे तीनपासून फडात होती. राख तिच्या भुवयांवरसुद्धा होती. बायकोनं "थंडी बाधत नाही का गं?" म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्याकडं लई बरंय बाई. पानी हाय."

माझ्या सुखद हवेच्या यादीत पाण्याचा रकानाच नव्हता. पत्र पुरं झालं नाही.

या एप्रिलात मी भिंतीला अडकवायचा तापमापक आणला आणि प्रत्येक राजधानीचा पारा वहीत मांडू लागलो. बायको दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी भरदुपारी तिनं तो खिळ्यावरनं काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला, वर पत्रा. भाकऱ्या होईपर्यंत पारा माझ्या उत्तरेच्या खोलीपेक्षा पाच अंश वर चढला होता. माझ्याच गणितानं पाहिलं, तर ही बाई रोज दुपारी दोन पन्हाळे उतरून स्वयंपाकाला जाते. आणि तिथं कुठली हंगामी राजधानी? बारमाही एकच.

"गव्हर्नरांचा खानसामा कोण होता, ते दिलंय का तुमच्या पुस्तकात?" तिनं विचारलं.

दिलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी राज्यकारभारात बदल झाले. उत्तरेची खोली तिच्याकडं गेली. शेगडी माझ्या गच्चीवर आली आणि तिच्यामागोमाग रात्रीच्या भाकऱ्याही माझ्याच वाट्याला आल्या. पीठ गरम पाण्यात मळायचं असतं, इथवर माझी प्रगती आहे. भाकरी अजून गोल होत नाही. वर वारा फार असतो, असं मी पाहुण्यांना सांगतो.