नंदूच्या तीस लाईफ

"काल रात्री आमच्याकडचा आवाज तुझ्यापर्यंत आला असेलच," कुंपणावर ओला पंचा टाकत काकू म्हणाल्या.

"आला की. पण भांडण कशावरनं, ते काही कळलं नाही."

"मारिओवरनं!"

झालं असं, की चिऊला वाढदिवसाला 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' मिळाला. २०२३ सालचा गेम. चिऊनं मारिओला बाजूला सारून नॅबिट घेतला. नॅबिट म्हणजे तो जांभळा, सशासारखा, तोंडाला फडकं बांधलेला चोर. त्याला कुणाही शत्रूचा धक्का लागला तरी काही होत नाही. पोरगी खुशीत उड्या मारतेय, तेवढ्यात नंदूनं तोंड उघडलं. म्हणे, याला काय खेळणं म्हणतात! पुढचा भाग काढायचा, की केलाच मिळमिळीत. आमच्या वेळी कस लागायचा. चिऊ रडायला लागली, सूनबाई भडकल्या, आणि जेवणं राहिली बाजूला.

"काकू, एक सांगू? पण मी सांगितलं म्हणून बोलू नका हं."

काकू पंचा सोडून कुंपणाला चिकटल्या.

"आमच्या दादाकडे टीव्हीला जोडायचा तो डबा होता ना, त्यावर कॉन्ट्रा खेळायला नंदू यायचा. कॅसेट काढून फुंकायची, परत खोचायची. आणि स्टार्ट दाबायच्या आधी नंदूचा मंत्र ठरलेला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. की तीनच्या थेट तीस लाईफ! त्याशिवाय खेळायला बसायचाच नाही."

"मेला! आणि त्या एवढ्याशा पोरीला हसतो!"

"तो मंत्र तरी कुठून आला? कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो म्हणून एक गृहस्थ होते. १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम घरच्या मशीनसाठी तयार करत होते. तपासायला बसले, तर त्यांनाच तो झेपेना. मग स्वतःच्या सोयीसाठी बटणांची ही खूण घालून ठेवली, आणि ती गेममध्ये तशीच राहून गेली."

"म्हणजे बनवणाऱ्यालाच जमेना?"

"तर काय! आणि पुढचा भाग सोपाच निघतो, हेही खरं नाही. कॉन्ट्राच्या पुढच्या भागात, 'सुपर सी'मध्ये, हा मंत्र चालायचाच नाही. तिथला वेगळा मंत्र म्हटला तरी दहाच लाईफ मिळायच्या. मारिओची तर त्याहून मोठी गंमत. पहिला भाग १९८५चा. दुसरा लगेच १९८६ला जपानात आला, तो पहिल्यात तरबेज झालेल्यांसाठीच. मशरूम खाल्लं तर विषारी निघायचं. उडी मारली की मध्येच वारा सुटायचा. आणि पुढच्या जगात नेणारी चोरवाट म्हणून शिरावं, तर ती मागच्या जगात नेऊन टाकायची."

"काय दुष्ट माणसं!"

"अमेरिकेतल्या निन्टेन्डोवाल्यांनी बघितलं आणि हात जोडले. आमच्याकडे नको म्हणाले. मग 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा भलताच जपानी गेम घेतला, त्यातली पात्रं काढून मारिओमंडळी बसवली, आणि १९८८ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून तिथं विकला."

"चक्क फसवलं की गिऱ्हाइकाला!"

"खरा दुसरा भाग त्यांना १९९३ साली मिळाला, 'लॉस्ट लेव्हल्स' नावानं, जुन्या मारिओंच्या संग्रहातून. खड्डे तेच, वाराही तोच. फक्त जिथवर पोचलात तिथून पुढे सुरू करायची सोय दिली. आता सांगा, त्या सोयीनं एक तरी खड्डा बुजला का?"

काकूंनी मान हलवली, पण मुलाची बाजू सोडवेना. "नंदू म्हणतो, त्या तलवारींच्या गेममध्ये असले लाड नसतात."

"फ्रॉमसॉफ्टवेअरचे म्हणत असेल. २०११च्या 'डार्क सोल्स'मध्ये मोठ्या राक्षसानं मारलं, की मागच्या शेकोटीपासून पुन्हा धावत यायचं. त्याच घराण्यातला 'एल्डन रिंग' २०२२ला आला. त्यात बसायला घोडा आहे, मदतीला भुतं बोलावता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी राक्षसाच्या दाराशीच परत उठता येतं. म्हणून काय तो लेचापेचा झाला? त्यातल्या मलेनियाचा वार लागला, की आपलं रक्त जातं आणि तिची जखम भरते. भले भले तिच्यापुढे रडलेत."

"मग नंदूचं सगळंच चूक म्हणायचं?"

"सगळं नाही. 'गॉड ऑफ वॉर'चा 'रॅग्नारोक' नावाचा भाग आला २०२२लाच. त्यात आपण कोडं बघत उभे असतो, तोवर सोबतची पात्रं बोलायला लागतात. अमुक ठिकाणी बघ, तमुक कर. खेळणारे वैतागले, कारण मदत मागितलीच नव्हती."

"तुझे काका पत्ते खेळताना माझ्यामागे उभे राहतात आणि 'राणी टाक, राणी टाक' करतात, तसंच हे. पान हातात माझ्या, डाव त्यांचा. डोकंच उठतं!"

"अगदी तेच. न मागता दिलेली मदत खेळ मारते. चिऊनं नॅबिट स्वतः निवडला. नंदूच्या मारिओवर काही कुणी बळजबरी केली नाही, त्याचे शत्रू त्याला पहिल्यासारखेच चावतात. आणि नॅबिटलाही सगळं फुकट नाही. खड्ड्यात पडला, की लाईफ गेलीच. ती पोरगी उड्या तर खऱ्याच मारते ना?"

"मारते बाई, आणि सोफ्यावरनंसुद्धा मारते. पण या गेममध्ये नंदूसारख्यांना काही अवघड ठेवलंय की नाही?"

"ठेवलंय तर. अगदी शेवटी, लपवलेल्या जगात, बॅज मॅरेथॉन नावाची लेव्हल आहे. भल्याभल्यांना घाम फोडते. नंदू तिथवर पोचलाय का?"

काकूंनी आवाज खाली आणला. "सूनबाई म्हणत होती, आम्ही झोपल्यावर तेच खेळत बसतो. कंट्रोलर आपटल्याचा आवाज येतो. अजून काही जमलेलं दिसत नाही."

"मग झालं तर!"

"झालंच. त्याला सांगते, आधी ती मॅरेथॉन संपवून दाखव, तीही मंत्र न म्हणता. तोवर पोरीला नावं ठेवायची नाहीत."