गाडीच्या पोटापाण्याचा प्रश्न

नवी गाडी दाराशी आली की आपण तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, डॅशबोर्डवर गणपती बसवतो आणि पुढच्या बंपरखाली लिंबू-मिरची टांगतो. या सोहळ्यात तिच्या पोटाखाली वाकून कुणी बघत नाही. तसं पाहिलं तर लिंबू-मिरची हेच आपलं सर्वांत जुनं अंडरबॉडी प्रोटेक्शन. वजन नगण्य, बोल्ट लागत नाहीत, गंज चढत नाही, दर शनिवारी नवं मिळतं आणि सर्व्हिसिंगला ते खोलून ठेवावं लागत नाही. अडचण एवढीच की सह्याद्रीतल्या काळ्या कातळाची नजर लागत नाही. तो स्वतःच लागतो, आणि तोही थेट चेंबरला.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल धरून बसलेलं भांडं. ते फुटलं की आधी ऑइल रस्त्यावर येतं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघूनही गाडी तशीच दामटली, तर पाठोपाठ मालक. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग ट्रान्स्फर केस, बाजूला इंधनाची टाकी, मधून गेलेला सायलेन्सरचा पाइप. लाखोंचा ऐवज जमिनीच्या सर्वांत जवळ टांगायचा आणि सीट कव्हरला मात्र वर्षभर प्लॅस्टिक ठेवायचं, ही आपली तऱ्हा.

नाशिकला तयार होणारी तीन दरवाजांची थार घेतली की विक्रेता २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सचा मंत्र कानात फुंकतो. २२६ मिलिमीटर म्हणजे वीतभर. तेवढ्यात आपल्याला वाटतं की आता राजगडावरही गाडी जाईल. पण हा आकडा सपाट जमिनीवर, गाडी निवांत उभी असताना मोजलेला. डोंगरात जमीन सपाट नसते आणि आपण निवांत नसतो. शिवाय उंचवटा ओलांडताना नुसती उंची कामाची नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही हिशेबात येतं. या थारचं ते अंतर २४५० मिलिमीटर, पाच दरवाजांच्या जिम्नीचं २५९०, आणि थार रॉक्सचं २८५०. अंतर वाढलं की पाय ठेवायला जागा मिळते, मागे बसलेल्या सासूबाई प्रसन्न होतात, आणि पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यताही त्याच मापाने वाढते.

शहरात हा प्रश्न यायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या सोसायटीचा गतिरोधक कमिटीच्या बैठकीत, हात वर करून मंजूर झालेला आहे. त्याची उंची सेक्रेटरींच्या त्या दिवशीच्या रागाइतकी आहे.

तर कवच बसवायचं ठरलं. ठरलं म्हटल्याबरोबर सल्लागार उगवले. पहिला भेटला तो सर्व्हिस सेंटरवाला. त्याने अंडरबॉडी कोटिंग सुचवलं. हा काळा रबरी थर गाडीच्या पोटाला फासतात. गंज थोपवायला आणि उडणाऱ्या खडीचा आवाज दाबायला तो चांगला. धोंड्यापुढे त्याचा उपयोग दृष्टीच्या तिटाइतकाच. "पण सर, लाइफटाइम आहे," तो म्हणाला. कुणाच्या लाइफचं, ते त्याने सांगितलं नाही.

दुसरा अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातला. याला पुढे भलंमोठं लोखंडी गार्ड लावायचं होतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असल्या गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. पादचाऱ्याला त्याचा धोका असतो आणि टकरीचा धक्का शोषण्याची गाडीची जी रचना असते, तिच्यात ते ढवळाढवळ करतं. दुकानदाराला हे सगळं पाठ होतं. तरीही तो हळहळला. त्याचं दुःख वेगळं होतं. पुढचं गार्ड दिसतं, सिग्नलला बाजूची गाडी मान वळवून बघते. पोटाखालचा पत्रा पाहणार कोण? आपल्याकडे न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करायचा तर ती निदान देवाची तरी असावी लागते. म्हणूनच काही मालक गाडी मुद्दाम एका चाकाखाली दगड घेऊन, तिरकी करून उभी करतात. तो पार्किंगचा दोष नसतो. ते पत्र्याचं प्रदर्शन असतं.

यानंतर खरा वाद सुरू झाला. शैव-वैष्णवांचं मिटलं, पण लोखंडवाले आणि अ‍ॅल्युमिनियमवाले यांचं मिटलेलं नाही. अ‍ॅल्युमिनियमवाला माणूस हिशेबी असतो. तो सांगतो, लोखंडाचा ३ मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर पत्रा साडेतेवीस किलो भरतो. अ‍ॅल्युमिनियम दुप्पट जाड, ६ मिलिमीटर घेतलं, तरी साधारण १६ किलो. वर लाल गंज चढत नाही. लोखंडवाला हे शांतपणे ऐकून घेतो आणि मग विचारतो, "दगडावर टेकल्यावर काय?" इथे अ‍ॅल्युमिनियमवाला थोडा चाचरतो. हा धातू मऊ. कातळाची धार त्यात रुतते, ओरखडा पडतो आणि गाडी दगडाला धरून बसते. लोखंड किंचाळतं, ठिणग्या पाडतं, पण घसरत पुढे जातं.

मला स्वतःला लोखंडाचा मुद्दा पटला तो या घसरण्यामुळे नाही. वेल्ह्याच्या पुढे कुठे पत्रा वाकला, तर लोखंडाला घणाचे चार टोले पुरतात. चीर गेली तर तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरची ट्रॉली सांधणारा कुणीही साध्या रॉडने टाका मारून देतो. अ‍ॅल्युमिनियमला त्याच्याकडे नेलं, तर तो आधी गॉगल काढतो, मग पत्रा वाजवून बघतो आणि शेवटी चहा मागवतो. चहा मागवला की समजावं, काम होणार नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडमध्ये मला पत्र्याचा मिस्त्री सापडला. कामाचा भाव किलोवर. गाडी रॅम्पवर चढली आणि तिचं पोट मी पहिल्यांदा उभ्याने, मान वर करून पाहिलं. वरून एवढी राजस दिसणारी गाडी खालून अगदीच संसारी निघाली. कुठे वायरींचे जुडगे, कुठे सुकलेल्या चिखलाची पोपडी, एका खाचेत अडकलेली चॉकलेटची चांदी. मिस्त्रीने बॅटरी मारली आणि सराफाने बांगडी न्याहाळावी तसा तो चासीवरून बोट फिरवत गेला. एका जागी बोट थांबलं.

"सायेब, गाडी जाते कुठं?"

मी छाती पुढे काढून ताम्हिणी, वरंधा, मढे घाट अशी नावं घ्यायला लागलो.

"मग हे दगडाचं न्हाई." त्याने बोटाला लागलेली करडी पूड दाखवली. "सिमेंट हाय. दुभाजक."

मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाने लग्नासाठी गाडी मागून नेली होती. गाडी वऱ्हाडात मिरवली, असंच मला सांगण्यात आलं होतं. यू टर्न घेताना ती कुठून मिरवली, ते आता मिस्त्रीच्या बोटावर होतं.

एवढं निदान झाल्यावर त्याने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. पोटाला लावून खडूने खुणा केल्या, कात्रीने कापला, पुन्हा लावला. पुठ्ठ्यावर 'ही बाजू वर' असा ठळक बाण होता आणि तो नेमका जमिनीकडे बघत होता. मला बंपरपासून इंधनाच्या टाकीपर्यंत सगळंच झाकून हवं होतं. मिस्त्री नको म्हणाला. पत्रा चेंबरला चिकटून चालत नाही, मध्ये बोटभर जागा लागते, नाहीतर दगड पत्र्याला लागतो आणि पत्रा चेंबरला. म्हणजे जिथे झाकाल तिथे गाडी तेवढी खाली येणार. आधी जो दगड पोटाखालून गुपचूप गेला असता, तो आता लावलेल्या कवचालाच आपटणार आणि आपण म्हणणार, बरं झालं कवच होतं! एवढं करून मागच्या एक्सलचा तो डिफरन्शिअलचा गोळा, बहुतेकदा गाडीतला सर्वांत खालचा भाग, उघडाच राहतो. तो चाकांबरोबर वरखाली होतो, त्यामुळे चासीचा पत्रा त्याच्या कामाचा नाही. बिडाचा आहे, बरंच सोसतो. त्याला उचलायचं तर मोठे टायर घालायचे, आणि मोठ्या टायरांवर नवा वाद उभा राहतो. मी त्या वाटेला गेलो नाही.

बाकीच्या गोष्टी मिस्त्रीने मला न विचारताच केल्या, आणि त्याच महत्त्वाच्या होत्या. पुढची कड होडीच्या नाळेसारखी वर वळवली, म्हणजे दगडात अडकायला नको. बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवली, कारण बाहेर राहिलेलं डोकं कातळ पहिल्याच फेरीत तासून काढतो आणि मग तो बोल्ट उघडायला छिन्नी लागते. सगळं वजन चासीवर घेतलं. पाणी निथळायला भोकं पाडली, वारा जायला फटी ठेवल्या, ड्रेन बोल्टच्या बरोबर खाली एक मोठं भोक ठेवलं. हे भोक विसरलं, तर दर ऑइल बदलाला पूर्ण पत्रा उतरवावा लागतो आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस आपल्या पूर्वजांची आठवण काढतो. एक मुद्दा मात्र मीच काढला. दिवाळीनंतर पठारांवर कुसळी गवत वाळून कमरेएवढं उभं असतं. ते पत्र्याच्या वर जाऊन साठतं आणि सायलेन्सरजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असतो. पुढचं सांगायला नको. मिस्त्रीने त्या बाजूचा पत्रा लगेच आखूड केला. (पठारावर मुळात गाडी घालावीच का, हा प्रश्न वेगळा. सड्यावरची फुलं चाकाखाली गेली की त्यांना कुठलंच कवच वाचवत नाही. तिथे पायीच जावं.)

थोडक्यात, ३ मिलिमीटर लोखंड, चेंबर आणि गिअरबॉक्सपुरतं, वर काळं पावडर कोटिंग. ते इतकं सुरेख चमकत होतं की पोटाखाली लावताना जिवावर आलं.

मे महिन्यात सासुरवाडीला, राजापूरला गेलो. त्या भागात चिरेखाणी आहेत. ट्रक भरभरून जांभ्याचे चिरे जातात आणि एखादा वळणावर रस्त्यातच राहतो. जांभा काळ्या कातळाइतका कठीण नसेल, पण त्याचा पृष्ठभाग कानशीला लाजवेल असा. मी मनातून एखाद्या चिऱ्याची वाट बघत होतो. एकही आडवा आला नाही. गतिरोधकसुद्धा मानकात बसणारे निघाले.

मेव्हण्याकडे जुनी जीप आहे. तिच्या चेंबरखाली पिपाचा पत्रा कापून, वाकवून, तारेने बांधलेला. पावसाळ्याआधी तो गॅरेजातून जळकं ऑइल आणतो आणि सबंध तळाला फासतो. पहिल्या पावसात त्यातलं बरंचसं विहिरीच्या दिशेने निघतं, हे मी त्याला पूर्वीच सांगून पाहिलं आहे. माझा पत्रा बघायला तो मात्र उत्साहाने अंगणात पालथा पडला. वाडीतली चार माणसं जमली. एकाने वाजवून पाहिला, दुसऱ्याने किंमत विचारली. मी खरी सांगितली नाही, तरी सगळे एकदम गप्प झाले.

"भावोजी, एवढ्यात कलमांना कुंपण झालं असतं," मेव्हणा म्हणाला.

जेवून मी वामकुक्षीला पडलो. उठून बाहेर आलो, तर गाडीखालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले. शेजारी डबा, हातात जुना ब्रश.

"खारा वारा आहे इथे, तुमचा तो काळा रंग काय टिकायचा नाही," तो आतूनच म्हणाला. "तुमच्या पत्र्यालापण एक हात मारून ठेवलाय. आणि ते मोठं भोक राहिलं होतं बघा खालून, त्यात चिंधी कोंबलीय घट्ट."