खुर्चीसकट घर

घर विकलं की चर्चमधली बसायची जागा कुणाची? इंग्लंडच्या जुन्या कायद्याने या प्रश्नाचं उत्तर भलत्याच गांभीर्याने देऊन ठेवलं आहे. तिथला बाक सहसा माणसाच्या मालकीचा नसतो. पुरातन वहिवाट असलीच तर ती घराची. घर विकलं की दाराखिडक्यांबरोबर बाकही नव्या मालकाकडे जातो. जुन्याने पुढच्या रविवारी चर्चचे वॉर्डन दाखवतील तिथे बसावं.

आपण यावर हसू नये. मराठेशाहीत पाटीलकीचं वतन गोताच्या साक्षीने विकलं जाई, कधी निम्मंच. आणि मग कागदात मानपानाचीही वाटणी येई. होळीला पोळी आधी कुणाची, पोळ्याला बैल पुढे कुणाचे. अडचणीतल्या पाटलाने जमीन एक वेळ सोडली असेल, पण बैल मागे ठेवायच्या कलमापाशी तो नक्की अडला असणार. १९६२च्या कायद्याने महाराष्ट्रातली पाटीलकी गेली. बैलांची भांडणं काही गेली नाहीत. (बैल बिचारे भांडत नाहीत, हे सांगायला नकोच.)

आमच्या जबलपूरच्या कांचघरात ना वतन, ना बाक. गणपतीत मात्र पहिल्या रांगेत, पंख्याखाली, एक खुर्ची असते. ती शेजारच्या काकांची. तसं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कुणाला खोडताही येत नाही. काकांनी घर विकून मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं, तेव्हा घेणाऱ्याने नळाची वेळ, विजेचं बिल, गच्चीची गळती, सगळं खोदून विचारलं. रजिस्ट्रीत खुर्चीचा उल्लेख नव्हता. पहिल्याच आरतीला गृहस्थ थेट तिथे जाऊन बसले.

मला इंग्लंडातलं ॲस्टन कँटलो आठवलं. तिथल्या एका शेतजमिनीला चर्चच्या वेदीकडच्या भागाची दुरुस्ती पूर्वापार चिकटलेली होती. अशा जमीनमालकाला त्या भागात मानाची जागा मिळण्याचीही जुनी रीत आहे. पण मालक दांपत्याच्या हाती पडली ती ९५ हजार पौंडांहून जास्तीची मागणी. ते भांडले, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले.

काकांच्या खुर्चीलाही शेपूट आहे. मंडपाचं भाडं वर्षानुवर्षं तेच देत आले. ही गोष्ट नव्या मालकांना अजून कुणी सांगितलेली नाही. खजिनदार पावतीपुस्तक घेऊन उद्या सकाळी जाणार आहेत.